‘गावाला लागून’ प्लॉट तपासायला महाभूनकाशा कितपत कामाचा?

लातूर, बीड, जालना, कुठलीही प्लॉटची जाहिरात घ्या. ‘गावाला लागून’, ‘गावठाणालगत’, ‘शहराच्या हद्दीवर’, ‘शिवेवरची मोक्याची जागा’ हे शब्द ठरलेले, आणि गुंठ्याचा भाव त्यांच्याच जोरावर सांगितला जातो. खरं तर हे चार शब्द चार वेगळ्या रेषांचे आहेत. एखादा प्लॉट एका रेषेच्या आत आणि दुसरीच्या बाहेर असू शकतो, आणि कागदपत्रं करताना तो फरक खिशावर येतो.

महाराष्ट्र शासनाचं महाभूनकाशा हे संकेतस्थळ गावाचा गटवार नकाशा फुकट दाखवतं. लॉगिन नाही, ओटीपी नाही. इथे ते एकाच कामासाठी जोखलं आहे: गाव नेमकं कुठे संपतं आणि आपण घेत असलेली जागा त्या कडेच्या कोणत्या बाजूला पडते, हे त्यावरून कळतं का? शिवेसाठी ते उत्तम आहे. गावठाणासाठी अर्धंमुर्धं आहे. नगरपालिकेच्या हद्दीसाठी त्याच्याकडे जाऊच नये.

आधी रेषा समजून घ्या, नाहीतर नकाशा उघडूनही उपयोग नाही.

पहिली कड वस्तीची, म्हणजे शेवटच्या घराची. उपग्रहाच्या चित्रात दिसते ती हीच, आणि दलाल ‘गाव इथपर्यंत आलंय’ म्हणून दाखवतो तीही हीच. कायद्यात हिला किंमत नाही. दुसरी गावठाणाची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ प्रमाणे गावठाणाची हद्द जिल्हाधिकारी ठरवतात. लोकसंख्या वाढली की वाढीव गावठाण मंजूर होतं, पण ते आदेशाने. शेतात चार घरं उभी राहिली म्हणून गावठाण आपोआप पुढे सरकत नाही. तिसरी नगरपालिका, नगरपंचायत किंवा महानगरपालिकेची हद्द. आणि चौथी, सगळ्यात बाहेरची, शीव. गावची शेतं, गायरान, ओढे, पाझर तलाव, सगळं धरून जिथे गावची जमीन संपते आणि पुढच्या गावची लागते ती रेषा शिवेची. तिच्या आतलं ते शिवार. ‘शिवंला लागून’ असं कोणी म्हणालं तर जागा गावापासून दोन-तीन किलोमीटर लांबही असू शकते, आणि म्हणणारा खोटं बोलत नसतो.

वेस हा पाचवा शब्दही पत्त्यात भेटतो. पोळ्याला तोरण लागतं ती वेस वस्तीच्या तोंडाशी असते, शिवेवर नाही. बीडला माळीवेस, राजुरी वेस ही नावं आज भर गावातल्या भागांची आहेत. छत्रपती संभाजीनगरातल्या दरवाजांचंही तेच. शहर त्यांच्या बाहेर मैलोगणती पसरलं. तेव्हा ‘वेशीजवळ’ या शब्दावरून कड शोधायला जाऊ नका.

आता वापर. मोबाईलवर चालतं, पण छोट्या पडद्यावर बोट भलत्याच गटावर पडतं. संगणकावर उघडा. डाव्या बाजूला राज्य, मग ग्रामीण की शहरी, मग जिल्हा, तालुका, गाव असं निवडत जायचं. ग्रामीण-शहरीची निवड चुकली तर गाव यादीत सापडत नाही, आणि ‘आमचं गावच नाही’ म्हणून लोक बंद करतात. शहरात सामील झालेल्या गावांसाठी दोन्हीकडे शोधावं लागतं. गाव निवडलं की पूर्ण नकाशा येतो आणि त्याची बाहेरची रेघ ही त्या गावची शीव. गट क्रमांक टाकला की तो तुकडा रंगतो आणि बाजूला क्षेत्र आणि खातेदारांची नावं येतात. मग ‘मॅप रिपोर्ट’ काढा. त्यात आपला गट आणि त्याला भिडलेले गट क्रमांकांसह छापून येतात.

इथे एक काम लगेच करून घ्यावं. खरेदीखताच्या मसुद्यातल्या चतु:सीमा (चारही बाजूंना काय आहे त्याची नोंद) आणि रिपोर्टमधले लगतचे गट समोरासमोर धरा. मसुद्यात ‘पूर्वेस गट ११२’ लिहिलंय आणि नकाशात पूर्वेला ओढा दिसतोय, तर व्यवहार तिथेच थांबवून विचारावं. आपला गट शिवेवर असेल तर एका बाजूला शेजारचा गट क्रमांक दिसणार नाही, कारण पलीकडे दुसरं गाव आहे. मसुद्यात त्या बाजूला शेजारच्या गावाचं नाव आणि ‘शीव’ असं यायला हवं. एवढ्या एका तपासणीसाठीही हे संकेतस्थळ वापरण्यासारखं आहे.

शीव ओळखण्यात ते पक्कं आहे असं म्हणण्याला व्यवहारातलं कारण आहे. मोठ्या गावाच्या रस्त्यावर, त्याच्याच नावाने विकला जाणारा लेआउट पुष्कळदा शेजारच्या लहान गावाच्या शिवारात असतो. सातबारा त्या गावचा, तलाठी सज्जा वेगळा, ग्रामपंचायत वेगळी. मोठ्या गावची नळयोजना तिथपर्यंत येईलच असं नाही. काही ठिकाणी तालुकाही बदलतो. जाहिरातीत मोठं नाव, सातबाऱ्यावर लहान गाव, असं दिसलं की दोन्ही गावांचे नकाशे उघडा आणि रस्ता, ओढा, वळण यावरून जागा कुठल्या नकाशात बसते ते बघा.

दोन गावांचे नकाशे छापून शेजारी ठेवलेत तर शिवेची रेघ तंतोतंत जुळेलच असं नाही. कुठे मधे फट राहील, कुठे एकावर एक चढेल. प्रत्येक गाव पूर्वी स्वतंत्र कागदावर मोजलं-काढलं गेलं आणि त्या कागदांवरून हे नकाशे आले. म्हणून शिवेवरच्या गटाचं क्षेत्र या रेघांवरून मोजू नये. फटीतली जमीन मोकळी नाही, ती कागदाची चूक आहे. अशी ‘सुटलेली’ जमीन स्वस्तात देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहावं.

रस्ते वाचायलाही गावनकाशा शिका, कारण कडेच्या प्लॉटची खरी किंमत रस्त्यात आहे. गावनकाशात तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीरस्ता, तुटक एकेरी रेघ म्हणजे पायवाट. महसुली संकेताप्रमाणे एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा हद्दीचा रस्ता ३० ते ३३ फुटांचा, गावातला गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा आणि पायमार्ग सव्वाआठ फुटांचा. ३३ फूट म्हणजे जुन्या मोजणीची एक साखळी. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. साडेसोळा ही त्याच साखळीची अर्धी आणि सव्वाआठ ही पाव. लेआउटच्या रंगीत कागदावर नऊ मीटरचा रस्ता दाखवलाय आणि गावनकाशात तिथे एकेरी तुटक रेघ आहे, तर तो रुंद रस्ता कोणाच्या तरी खाजगी जमिनीतून काढलेला आहे. तो कायम राहील याची हमी लेखी हवी. नकाशात रस्ताच नसेल आणि जाण्या-येण्याला धुऱ्याशिवाय वाट नसेल, तर संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे शेतीसाठी बांधावरून वाट मागता येते. ती वाट शेतात जाण्यापुरती असते. प्लॉटिंगचा रस्ता म्हणून ती पुढे करणारा माणूस तुम्हाला अडचणीत घालतोय.

आता गावठाण. इथे संकेतस्थळ लंगडं पडतं, आणि नेमकी इथेच लोकांना सगळ्यात जास्त गरज असते.

नकाशात गावठाण एक सलग तुकडा म्हणून दिसतं, आत घरं-गल्ल्या काही नाही. आतल्या मिळकतींचा तपशील नगर भूमापन (सिटी सर्व्हे) झालेलं असेल तर मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) मिळतो. गावखेड्यांसाठी २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होते. उड्डाणाआधी मिळकतींच्या कडा चुन्याने आखतात, म्हणजे वरून चित्रात त्या उठून दिसाव्यात. जुन्या घराची जागा घेत असाल तर मिळकत पत्रिका मागा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुढे करतील. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही.

पण कडेच्या जमिनीचा खरा प्रश्न गावठाणाच्या बाहेरच्या २०० मीटरांचा आहे. संहितेच्या कलम ४२-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरांच्या आतली जमीन, रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी भरल्यावर, निवासी वापरासाठी बिनशेती झाल्याचं मानलं जातं. जमीन भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, असेल तर नजराण्याचा, म्हणजे सरकारला भरायच्या रकमेचा, विषय वेगळा येतो. बांधकाम परवानगी तरीही स्वतंत्रच घ्यावी लागते. ‘२०० मीटरात आहे, एन.ए.ची (बिनशेती परवानगीची) गरज नाही’ हे वाक्य विक्रेते याच कलमावर उभं करतात. अर्धं बरोबर असतं. अंतर कुठून मोजलं, हे मात्र कोणी सांगत नाही.

ते मोजायचं गावठाणाच्या हद्दीपासून. शेवटच्या घरापासून नाही, मारुतीच्या देवळापासून नाही, वेशीपासूनही नाही. विक्रेता मोबाईलच्या नकाशावर शेवटच्या घराला बोट लावून १८० मीटर दाखवतो. ते घर गावठाणाच्या १०० मीटर बाहेर, शेतात बांधलेलं असेल, तर त्याच दिशेला सरळ पुढे असलेली जागा प्रत्यक्षात २८० मीटरांवर गेली.

मग महाभूनकाशावर मोजता येईल का? अंदाजापुरतं. रिपोर्टवर प्रमाण दिलेलं असतं ते आधी वाचा. १:५००० असेल तर २०० मीटर म्हणजे कागदावर ४ सेंटिमीटर, १:१०००० असेल तर २ सेंटिमीटर. छापताना ‘फिट टू पेज’ बंद करून १०० टक्के आकारावरच छापा. नाहीतर प्रिंटर कागदात बसवायला नकाशा आक्रसतो आणि लिहिलेलं प्रमाण खोटं ठरतं. फोटोकॉपीवर तर मोजूच नका.

एवढी काळजी घेऊनही किती चूक राहते ते बघा. जुने गावनकाशे बहुधा आठ इंचाला एक मैल, म्हणजे एका इंचाला ६६० फूट, अशा प्रमाणाचे, १:७९२०. त्यावर २०० मीटर म्हणजे जवळजवळ एक इंच. अशा कागदावर अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर ३.९६ मीटर व्यापते, म्हणजे १३ फूट. २० फूट रुंद प्लॉटचा दोन तृतीयांश भाग नुसत्या रेघेच्या जाडीत गेला. त्यात वर्षानुवर्षं दप्तरात राहिलेला कागद एक टक्का जरी आक्रसलेला असेल, तर २०० मीटरांत आणखी २ मीटर गेले. पडद्यावर कितीही मोठं करून पाहिलं तरी मूळ रेघेची अचूकता वाढत नाही. आकडा १५० मीटरांच्या आत येत असेल तर साधारण निर्धास्त राहा, २५० च्या पुढे असेल तर विषय सोडा, आणि १८० ते २२० मध्ये अडकला तर या संकेतस्थळावरून कुठलाही निष्कर्ष काढू नका. त्या गटाबद्दल तहसील कार्यालयाकडून लेखी घ्या.

मराठवाड्यात आणखी काही गोष्टी आडव्या येतात. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमधली कित्येक गावं उठून नव्या जागी वसली. जायकवाडीच्या नाथसागरात गेलेल्या गावांचंही पुनर्वसन झालं. अशा ठिकाणी जुनं गावठाण आणि नवं गावठाण अशा दोन जागा असतात. नकाशात ‘गावठाण’ लिहिलेला तुकडा जुना की नवा, हे आधी ठरवा. पडक्या पांढरीपासून, म्हणजे उठलेल्या गावाच्या जुन्या जागेपासून, २०० मीटर मोजून काही हाती लागणार नाही, असा धोका आहे.

तांडे आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्या अनेक ठिकाणी गायरानात किंवा कोणाच्या तरी गटात आहेत. पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहताहेत, पण नकाशात फक्त गट क्रमांक दिसतो. यात तिथल्या माणसांचा दोष नाही, मोजणी त्यांच्या दारापर्यंत गेली नाही. घेणाऱ्याने मात्र ‘वस्ती आहे म्हणजे गावठाण आहे’ असं धरू नये. सातबाऱ्यावर सरकार किंवा गायरान दिसलं तर ती जागा कोणी विकू शकत नाही, नुसत्या स्टॅम्पपेपरवर तर नाहीच.

पोटहिस्स्यांची अडचण कडेच्या जमिनीत फार येते. सातबारा ४५/१, ४५/२, ४५/३ असे फुटलेले आणि नकाशात गट ४५ अखंड. वाटणी कागदावर झाली, पोटहिस्सा मोजणी झालीच नाही, असा त्याचा अर्थ. रस्त्याकडचा भाग कोणाचा आणि ओढ्याकडचा कोणाचा, हे महाभूनकाशा सांगू शकत नाही. भाऊबंदकीतली निम्मी भांडणं इथली आहेत. भावाभावांनी ‘आमचं ठरलंय’ म्हटलं तरी सगळ्यांच्या सह्यांनी पोटहिस्सा मोजणी झाल्याशिवाय त्यातला तुकडा घेऊ नका.

जुना माग काढायचा असेल तर इथे १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या हक्कांची जुनी नोंद, लागतं. निजामी अमलानंतर मराठवाड्यातल्या हक्कांची तपासणी करताना वकील-तलाठी पहिल्यांदा तेच मागतात. महाभूनकाशावर आजचा गट क्रमांक आहे आणि खासऱ्यात सर्व्हे नंबर, त्यामुळे दोन्हींचा मेळ घालणारा उतारा अभिलेख कक्षातून काढावा लागतो. संकेतस्थळावर जुना नंबर टाकून शोधता आला असता तर आपल्या भागातल्या लोकांची मोठी खेप वाचली असती.

आणि नगरपालिकेची हद्द? या नकाशात ती रेषाच नाही. हद्दवाढ झालेल्या शहरांच्या कडेला ‘हद्दीत आहे’ की ‘हद्दीलगत आहे’ यावर कर, परवानगी देणारं कार्यालय आणि गुंठेवारीचा (विनापरवाना पाडलेले लहान प्लॉट नियमित करून घेण्याचा) लाभ, सगळं ठरतं. गुंठेवारीचा २००१ चा कायदा २०२१ ला बदलून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित होण्याची वाट खुली झाली. मुदतीनंतर पाडलेला तुकडा त्यात बसत नाही. यासाठी पालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला (जागा कोणत्या वापरासाठी ठेवली आहे त्याचा) आणि भाग नकाशा घ्या. त्याला दुसरा पर्याय नाही.

गुण द्यायचे तर शीव आणि चतु:सीमेसाठी पाचपैकी साडेचार, रस्त्यांसाठी चार, गावठाणाच्या २०० मीटरांसाठी दोन, शहराच्या हद्दीसाठी शून्य. फुकट आणि घरबसल्या मिळणाऱ्या गोष्टीकडून यापेक्षा जास्त मागावं का? मागावं. गावठाणाच्या भोवती २०० मीटरांची रेघ आणि पालिकेची हद्द, एवढे दोन थर त्यात आले तर कडेच्या व्यवहारातली निम्मी फसवणूक दलालाच्या पहिल्या फोनवरच उघडी पडेल.

तोवर इसार देण्याआधीचा क्रम असा ठेवा. महाभूनकाशावरून गाव, शीव, लगतचे गट आणि रस्ता. डिजिटल सहीचा सातबारा, १५ रुपयांत मिळतो. त्यावर भोगवटादाराचा वर्ग, इतर हक्क आणि क्षेत्राचं एकक बघा. शेतीला हेक्टर-आर असतं, बिनशेतीला आर-चौरस मीटर, तेव्हा ‘एन.ए. झालंय’ म्हणणाऱ्याचा सातबारा हेक्टरमध्ये असेल तर तिथेच विचारा. मग तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात विक्रेत्याच्या नावाने हद्द कायम मोजणीचा अर्ज टाकायला लावा. मोजणीच्या दिवशी लगतधारकांना नोटीस गेलेली असावी, तुम्ही स्वतः हजर असावं, आणि भूकरमापकाने दाखवलेल्या प्रत्येक खुणेवर त्याच दिवशी दगड पुरून घ्यावा. लाकडी खुंटी ठेवली तर पहिल्या नांगरटीला ती जाते. नंतर मिळणाऱ्या मोजणी नकाशाच्या ‘क’ प्रतीवर कब्जा आणि हद्द यांत फरक दाखवलाय का ते बघा. मोजणी पटली नाही तर निमतान्याचा, म्हणजे फेरमोजणीचा, अर्ज करता येतो, पण तो इसार देण्याआधी केला तरच तुमच्या हातात काही राहतं.